काळी तीन

वूच म्हणजे होडी. शहराचं नाव होडी,
आणि नद्या सगळ्या रस्त्यांखाली बुजवलेल्या,
गिरण्यांना जागा हवी होती म्हणून.
आता गिरण्यांत कॉफी मिळते.

बोगुमिवाबाईंच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, माझी खोली.
भाडं पाच तारखेला, रोख.
टेबलावर माझा पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड,
ज्याला स्वतःचा आवाज नाही.
"मुका आहे?"
मुका नाही, म्हटलं, हा नुसता सांगतो:
कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ.
आवाज काढायचं काम दुसऱ्याचं.
"मग मुकादम आहे," बाई म्हणाल्या.

त्यांच्याशी मी ओठ स्पष्ट हलवून बोलतो.
अठ्ठावीस वर्षं मागावर; वरचे सूर
कानांतून केव्हाच झडून गेलेत.
खालचे त्या तळहात टेबलावर ठेवून ऐकतात.

स्केलचं बटण दाबून दाखवलं:
आता चुकीचा सूर लागणारच नाही, काळ्या पट्ट्या बंद.
"चूकच नाही? म्हणजे कापड तपासणाऱ्या तेक्लाला
घरी पाठवलं असणार."
आणि मुद्दाम काळ्यांवरच बोटं फिरवत राहिल्या,
बंद दुकानांच्या फळ्या ठोकाव्यात तशा.

कॉर्ड: एक बोट, तीन सूर.
ह्यावर मात्र हसल्या नाहीत.
"आमचे दोनाचे सहा माग केले, तेव्हा साहेबानं
असंच बोट वर करून सांगितलं होतं.
एक बोट, बाकी आपोआप."
डाव्या हाताची अनामिका त्यांनी मुठीत घेतली.
ती सरळ होत नाही. धोटा उडून लागला होता,
एकोणसत्तर की सत्तर साली, त्यांनाही नक्की नाही.

मग आर्पेजिओ.
तीन पट्ट्या धरून ठेवल्या
आणि काहीतरी त्यांच्यातून पळू लागलं, वर, खाली, वर,
आणि बाईंचे डोळे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.
"वेग?"
ही खुंटी.
त्यांनी पिळली, मान हलवली, अजून पिळली, थांबल्या.
"हा. एवढा."
एकशे शहाऐंशी.

लॅच लावून मी म्हटलं, आता हात काढा.
हात काढला. सूर चालूच.
त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या,
वाकून टेबलाखाली पाहिलं.
दोरा तुटला तर माग थांबायला हवा ना.

ईस्टरला मी आईकडे सुवाल्कीला गेलो.
लॅपटॉप उघडाच, रेकॉर्डिंग चालू राहिलेलं.
परत आलो तर फाइल: चार तास दहा मिनिटं,
पहाटे पाच चाळीसपासून. पहिली पाळी.

ह्या फाइलमध्ये आवाज नसतो. नुसत्या आडव्या रेघा,
कापडाच्या नमुन्यासारख्या, सारख्या, सारख्या, सारख्या,
अडीच तास.
लॅच लावून चहा केला असेल, कुंड्यांना पाणी घातलं असेल.
किंवा समोर नुसत्या बसल्या असतील,
मागासमोर बसायला कधी मिळालं नव्हतं म्हणून.

पुढे स्केल बंद. कॉर्ड बंद. सगळंच बंद.
एकच पट्टी, डावीकडून तिसरी काळी,
एकोणीस वेळा.
जोर, एकशे सत्तावीसपैकी,
नऊ, अकरा, नऊ, सात,
एकदा तर फक्त दोन.
एवढं हलकं कुठलं बोट दाबतं, मला माहीत आहे.
एकोणिसावी: एकतीस.

मी तिला आवाज लावून पाहिले.
पियानो, ऑर्गन, काचेची घंटा.
एकही बसेना. काढून टाकले.

तेवढ्यात बाई दारात.
गरम पाण्याचं बिल वाढलंय, म्हणाल्या,
ओठ अगदी स्पष्ट हलवून,
जसा काही बहिरा मीच आहे.